अर्धं तोंड

नसीमबानू तांबोळी हडपसरला बजरंगशेठच्या साड्यांच्या दुकानात फॉल लावायचं काम करायची. दुकानाच्या माळ्यावर पिकोचं मशीन, एक ट्यूबलाइट आणि बसायला सतरंजी, एवढी तिची जागा. चौदा वर्षं ती तिथे बसत होती. फॉलचे टाके ती हातानेच घालायची आणि टाका संपला की दोरा दातांनी तोडायची. कात्री शेजारीच असायची, पण कात्री शोधेपर्यंत दातांनी तीन दोरे तुटतात, असं तिचं म्हणणं.

गणपतीच्या आधीच्या आठवड्यात एका मोतिया रंगाच्या साडीवर तिच्या तोंडातलं रक्त लागलं. ठिपका मोहरीएवढाच, पण नेमका काठाच्या वर. साडी सुहासिनीबाई नावाच्या निवृत्त शिक्षिकेची होती. त्यांनी चष्मा लावून ठिपका नीट पाहिला आणि फॉलच्या पैशात हे धरलंय की याचे वेगळे, असं बजरंगशेठना विचारलं. शेठनी साडी धुवून दिली, पैसे घेतले नाहीत आणि गिऱ्हाईक गेल्यावर ते माळ्यावर आले. ते ओरडले नाहीत. दात दाखवून घे, नाहीतर कात्री वापर, आणि दोन्ही जमत नसेल तर उद्यापासून नुसतं पिको कर, एवढं सांगून ते खाली गेले.

हिरड्यांतून रक्त येणं नवीन नव्हतं. मुलगी परवीन पोटात होती तेव्हापासून सकाळी चूळ भरली की पाणी गुलाबी व्हायचं. परवीनचं लग्न होऊन ती मिरजेला गेली तरी ते थांबलं नव्हतं. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात सासूने नसीमला मशेरी लावायला शिकवली होती. तव्यावर भाजलेल्या तंबाखूची ती काळी पूड बोटाने हिरड्यांवर चोळली की तोंड बधिर व्हायचं, ठणका जायचा आणि सगळं स्वच्छ झाल्यासारखं वाटायचं. पंचवीस वर्षं तिने दिवसातून तीनदा मशेरी लावली होती. आता मात्र खालचे पुढचे दोन दात जीभ लागली तरी हलत होते.

ती आधी जवळच्याच एका खासगी दवाखान्यात गेली. तिथले डॉक्टर सभ्य होते. त्यांनी एक्स-रे काढला, उजेडासमोर धरला आणि सांगितलं की दात किडलेले नाहीत, पण दात ज्या हाडात उभे असतात ते हाडच खाली गेलंय. याला पायरिया म्हणतात. मग त्यांनी दोन उपाय सांगितले. एक, सगळे दात वाचवायचे. हिरड्यांच्या आतून चार वेळा सफाई, नंतर शस्त्रक्रिया, खर्च चाळीस हजारांच्या पुढे. दुसरा, सगळे दात काढायचे आणि कवळी बसवायची, खर्च पंधरा हजार. दोन्ही त्यांनी एकाच आवाजात सांगितलं. यातलं चांगलं कोणतं, असं नसीमने विचारलं, तर ते म्हणाले की तो निर्णय तुमचा.

घरी येताना ती तेवढ्याच एका गोष्टीचा विचार करत होती. एकच माणूस, एकच तोंड, आणि सगळे दात ठेवा हेही बरोबर, सगळे काढा हेही बरोबर, असं कसं? साडीला कोणत्या रंगाचा फॉल लावायचा हे तिला कळायचं. हे कसं कळणार?

तिचा नवरा अकबर शाळेच्या मुलांची व्हॅन चालवायचा. त्याने दोन्ही आकडे ऐकले आणि नंतर त्या घरात त्या आकड्यांचा विषय कुणी काढला नाही. शेजारणीने तुरटीच्या पाण्याच्या गुळण्या सांगितल्या, नणंदेने लवंगेचं तेल. नसीमने एक दिवस तुरटी केली, एक दिवस लवंग, आणि खात्री नसल्यामुळे रोज मशेरीही.

दिवाळीच्या सुट्टीत वस्तीतल्या महापालिकेच्या शाळेत दातांचं मोफत शिबिर भरलं. शहरातल्या एका डेंटल कॉलेजची मुलंमुली पांढरे कोट घालून आली होती. नसीमची पाळी आली तेव्हा नीरजा नावाच्या एका मुलीने तिच्या तोंडात बॅटरीचा उजेड टाकला. पाहता पाहता तिचा चेहरा खुलला. तिने शेजारच्या मुलाला बोलावलं, त्यानेही वाकून पाहिलं आणि मान डोलावली.

"छान केस आहे," तो म्हणाला.

नसीम तोंड उघडं ठेवून दोघांकडे पाहत राहिली. आजवर ज्याने ज्याने तिच्या तोंडात पाहिलं होतं त्याने नाक तरी आखडलं होतं किंवा च्-च् तरी केलं होतं. यात छान काय होतं ते तिला कळेना.

नीरजाने तिला बाजूच्या बाकावर बसवून सगळं नीट विचारलं. मशेरीचंही विचारलं. नसीमने आधी नाही म्हणून सांगितलं आणि नीरजा तिच्या बोटाच्या काळ्या टोकाकडे पाहत राहिली तेव्हा कबूल केलं. मग नीरजा म्हणाली की ती डॉक्टर झालेली आहे आणि आता हिरड्यांच्या विभागात पुढचं शिकते आहे. नसीमने कॉलेजमध्ये यावं, सगळे उपचार ती स्वतः करील. तिथली जी थोडी फी असते ती नीरजाच भरील, बसचे पैसेही देईल. फक्त मावशींनी ठरलेल्या तारखेला यायचं, चुकवायचं नाही.

अकबरला हे अजिबात पटलं नाही. जगात कुठला डॉक्टर पेशंटला बसचे पैसे देतो, असं त्याने विचारलं. सही कशावर घेतात ते नीट बघ, असंही तो म्हणाला. नसीमलाही ते पटत नव्हतं. पण मोहरममध्ये परवीन आली होती तेव्हा आईला भाकरी दुधात कुस्करून खाताना पाहून ती रडली होती, ते नसीमच्या मनात होतं. ती गेली.

कॉलेजात एका लांबलचक हॉलमध्ये खुर्च्यांच्या दोन रांगा होत्या आणि प्रत्येक खुर्चीत कुणीतरी तोंड उघडून पडलेलं. नीरजाने तिला कोपऱ्यातल्या खुर्चीत झोपवलं, एक बारीक सळई हिरडी आणि दात यांच्यामध्ये घातली आणि आकडे सांगायला सुरुवात केली. पाच. सहा. सहा. आठ. एक मुलगी ते आकडे कागदावर लिहून घेत होती. नसीमला वाटलं, हे मार्क असावेत. आठ ऐकल्यावर तिला जरा बरंही वाटलं. मागच्या एका दाताला नऊ मिळाले.

उठून बसल्यावर तिने विचारलं की एकंदर चांगलं आहे ना. तेव्हा नीरजाने समजावलं की हिरडी दातापासून सुटली की मध्ये खिसा तयार होतो. सळई त्या खिशाची खोली मोजते. तीनपर्यंत ठीक, त्यापुढे जितका आकडा मोठा तितकं वाईट. खिसे नसीमला ठाऊक होते, पण तोंडात कुणी न शिवता खिसे पडतात हे तिने पहिल्यांदाच ऐकलं.

केसपेपर घेऊन ती बाहेर बाकावर बसली होती तेव्हा जयसिंग नावाचा दुसरा एक डॉक्टर तिच्याशेजारी येऊन बसला. तो कवळ्यांच्या विभागात शिकत होता. फार आदराने बोलला. मावशी, हे दात दोन-तीन वर्षांत जाणारच आहेत, मग एवढा त्रास कशाला, असं त्याचं म्हणणं. सगळे काढून टाकू, मी सुंदर कवळी करून देतो, नुसते सामानाचे पैसे द्या. त्याने मोबाईलवर एका म्हाताऱ्या बाईचा आधीचा आणि नंतरचा फोटोही दाखवला. नंतरच्या फोटोत ती बाई हसत होती.

नसीमने ही गोष्ट नीरजाला सांगितली. नीरजा चिडली, पण आवाज चढवला नाही. कुणीही काही सांगितलं तरी मला विचारल्याशिवाय एकही दात काढू द्यायचा नाही, असं तिने बजावलं. घरी जाताना बसमध्ये नसीमच्या लक्षात आलं की खासगी डॉक्टरचे तेच दोन उपाय इथेही आहेत, फक्त इथे ते दोन माणसांनी वाटून घेतले आहेत.

पहिल्या दोन खेपांमध्ये नीरजाने उजव्या बाजूची सफाई केली, आधी वर, मग खाली. भुलीचं इंजेक्शन दिलं होतं, तरी खरवडल्याचा आवाज थेट डोक्यात येत होता. वर्षानुवर्षांचं दगडासारखं कीटण निघालं. घरी येऊन नसीमने आरशात पाहिलं तर उजवीकडे दातांत फटी पडलेल्या. गार पाणी लागलं की कळ जायची. आधी दात एकमेकांना धरून तरी होते, आता एकेकटे उभे असल्यासारखे दिसत होते. ते कीटणच दातांना धरून होतं असं वाटत असेल तर ते चूक आहे, असं नीरजाने फोनवर सांगितलं. नसीमला नेमकं तेच वाटत होतं.

नीरजाच्या सांगण्यावरून तिने मशेरीही सोडली. पहिले चार दिवस तिला घरात कुणाशी बोलवेना. पिकोच्या मशीनवर काठ वाकडा जायचा. आणि दहाव्या-बाराव्या दिवशी भलतंच घडलं. डाव्या बाजूने पूर्वी कधी आलं नव्हतं तेवढं रक्त येऊ लागलं. नुसती बडीशेप चावली तरी तोंडात खारट चव. उजवी बाजू मात्र कोरडी. नसीमने याचा बराच विचार केला आणि तिला एकच उत्तर सापडलं. उजवीकडची घाण यांनी डावीकडे ढकलली. अकबरने हे ऐकलं आणि तो म्हणाला की मी आधीच सांगितलं होतं.

तारखेच्या दिवशी ती तक्रार करायला म्हणूनच गेली. नीरजा अजून यायची होती. हॉलमध्ये मथुराबाई नावाच्या मावशी भांडी आणि हत्यारं धुवायच्या. वीस वर्षं तिथे होत्या. त्यांनी नसीमला पाण्याचा पेला दिला आणि विचारलं की तुमची परीक्षा कधी आहे. माझी कसली परीक्षा, असं नसीमने विचारलं. तेव्हा मथुराबाईंनी सगळं उलगडून सांगितलं. इथल्या मुलांना ठरावीक पेशंट करून दाखवावे लागतात. नीरजा मॅडमची शेवटची परीक्षा पुढच्या महिन्यात आहे, त्या दिवशी बाहेरचे मोठे डॉक्टर येतात, त्यांच्यासमोर पेशंटच्या एका बाजूची शस्त्रक्रिया करायची असते.

"त्यासाठी डावी बाजू राखून ठेवलीय तुमची," मथुराबाई म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं. रोज दिसतं ते त्या सांगत होत्या.

नसीम पेला ठेवून उठली आणि नीरजा यायच्या आत बाहेर पडली.

तिला नक्की कशाचा राग आला हे तिलाच सांगता येत नव्हतं. नीरजाने तिला फसवलं होतं का? पैसे घेतले नव्हते, उलट दिले होते. खोटं काही सांगितलं नव्हतं. पण तिचं अर्धं तोंड दुखत असताना कुणीतरी ते परीक्षेच्या तारखेसाठी ठेवून दिलं होतं. बसचे पैसे, गोड बोलणं, मावशी जेवलात का असं विचारणं, यातलं तिच्यासाठी किती आणि परीक्षेसाठी किती? जयसिंगलाही कवळीसाठी तोंडच हवं असणार. आणि दवाखान्यातल्या डॉक्टरला तरी काय हवं होतं? बस हडपसरच्या गाडीतळाला पोचली तरी तिला काही ठरवता आलं नाही.

नीरजाचे फोन आले. नसीमने उचलले नाहीत. आठवड्यानंतर रोज येऊ लागले, मग दिवसातून दोनदा. डिसेंबरात एका मंगळवारी सकाळी सात ते नऊच्या मध्ये अकरा फोन आले. नसीम मोबाईल उशीखाली ठेवून कणीक मळत होती. नऊनंतर एकही आला नाही. त्या दिवशी तिने एका साडीला उलट बाजूने फॉल लावला आणि सगळा उसवला.

त्यानंतर ती पुन्हा मशेरी लावायला लागणार होती. डबी काढलीही होती. बोट तोंडात घालण्याआधी तिने सवयीने आरशात पाहिलं, आणि हात थांबला. उजवीकडच्या हिरड्या फिक्या गुलाबी, दातांना घट्ट बसलेल्या. दात दाबून पाहिला तर हलत नव्हता. डावीकडच्या जांभळट, सुजलेल्या. तिने गाल ओढून दोन्ही बाजू पुन्हा पुन्हा पाहिल्या. घाण उजवीकडून डावीकडे ढकलली असती तर वाटेत आधी पुढचे दात लागले असते आणि तेच जास्त बिघडले असते, असंही तिच्या मनात आलं. तिने अकबरला बोलावलं. अकबरने चष्मा लावून बराच वेळ पाहिलं. त्याला हे बोलायला जड गेलं, पण तो म्हणाला, की उजवी बाजू कुणा दुसऱ्या बाईची वाटते.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात ती कॉलेजात गेली. या वेळी फी तिने स्वतः भरली. ती खासगी दवाखान्यातल्या एक्स-रेपेक्षाही कमी होती. नीरजा हॉलमध्येच होती, कपाटातली स्वतःची पुस्तकं खोक्यात भरत होती. तिने नसीमकडे पाहिलं आणि पुन्हा खोक्याकडे पाहिलं.

"आज कशी काय आठवण झाली?" तिने विचारलं.

डावीकडे फार रक्त येतं, नसीम म्हणाली. एक पुस्तक खोक्यात बसत नव्हतं, ते नीरजाने दोनदा फिरवून पाहिलं. परीक्षेचं काय झालं, असं नसीमने विचारलं. ऐनवेळी दुसऱ्या कुणाचा तरी पेशंट मिळाला, नीरजा म्हणाली. त्या माणसाचा रक्तदाब वाढला, अर्ध्यात थांबावं लागलं, परीक्षक नाराज झाले. निकाल लागायचा होता. पास होईन बहुतेक, असं म्हणून तिने खोकं बाजूला सरकवलं आणि खुर्चीकडे बोट केलं.

नीरजा तपासू लागली. सळई डाव्या बाजूने फिरली. मशेरी सोडली का, तिने विचारलं. नसीमने मान हलवली. मग रक्त जास्त येणारच, नीरजा म्हणाली. तंबाखूमुळे हिरड्यांतल्या नसा आकसतात आणि आजार झाकलेला राहतो. तो आता दिसायला लागला. नसीमने ऐकलं, पण जी गोष्ट रक्त थांबवते ती वाईट आणि ती सोडल्यावर रक्त येतं ते चांगलं, हे तिच्या डोक्यात बसेना. तिने वाद घातला नाही. दुसरंच विचारायचं राहिलं होतं. भुलीचं इंजेक्शन देण्याआधी तिने नीरजाचा हात धरला.

"मॅडम, खरं सांगा. तुम्ही हे माझ्यासाठी करत होता की परीक्षेसाठी?"

नीरजाने मास्क खाली केला. ती दमलेली दिसत होती, आणि नसीमला वाटायची त्यापेक्षा वयाने लहान. "तुम्हाला शोधलं ते परीक्षेसाठी," ती म्हणाली. "डावी बाजू थांबवली तीही परीक्षेसाठीच. ते मी तुम्हाला सांगायला हवं होतं. सांगितलं असतं तर तुम्ही आला नसता, असं वाटलं."

"आले असते," नसीम म्हणाली. पण म्हणता म्हणता आपण खरंच आलो असतो का, हे तिला सांगता येईना.

नीरजाने त्या दिवशी डाव्या बाजूची वरची सफाई केली. दीड तास लागला. खालची बाजू आणि शस्त्रक्रिया तिने एका ज्युनिअर मुलावर सोपवली, कारण शनिवारी ती गावी साताऱ्याला जाणार होती. जाताना तिने केसपेपरच्या मागे मराठीत लिहून दिलं: मऊ ब्रश, झोपण्याआधी एकदा, दर तीन महिन्यांनी तपासणी. बसचे पैसे तिने या वेळी दिले नाहीत आणि नसीमने मागितले नाहीत. दाराशी नसीमला काहीतरी बोलायचं होतं, पण माफी मागावी की आभार मानावेत हे ठरेपर्यंत नीरजाला कुणीतरी हाक मारली.

ज्युनिअर मुलाचा हात जड होता. तरी त्याने काम पूर्ण केलं. खालचे पुढचे दोन दात वाचले नाहीत, ते काढावे लागले. बाकीचे राहिले. त्या दोन दातांची छोटी प्लेट जयसिंगने करून दिली. सगळे दात काढायचा विषय त्याने पुन्हा काढला नाही. उलट प्लेट बसवल्यावर तो म्हणाला की बाकीचे चांगले टिकलेत, नीरजाने चांगलं काम केलंय. मग तेव्हा तुम्ही काय म्हणत होता, असं नसीमच्या ओठांवर आलं होतं, पण प्लेट नवीन होती आणि बोलताना जीभ अडखळत होती.

उन्हाळ्यात ती तीन महिन्यांच्या तपासणीला गेली तेव्हाही जीभ तशीच अडखळत होती. खिडकीतल्या कारकुनाने नाव विचारलं. तिने सांगितलं. त्याने पुन्हा विचारलं, तिने पुन्हा सांगितलं, आणि मागे रांग मोठी होती म्हणून त्याने ऐकू आलं ते लिहून टाकलं. आत बाकावर बसून तिने पदराने वारा घेतला. समोरच्या खुर्च्यांत सगळे चेहरे नवीन होते. थोड्या वेळाने एका मुलीने पुकारलं, नदीमबानू तांबोळी. नसीमने आजूबाजूला पाहिलं. कुणीच उठत नव्हतं. आपल्याच आडनावाची आणखी कोण बाई आली आहे ते पाहायला ती मान वळवून थांबली. मुलीने दुसऱ्यांदा पुकारलं. तेव्हा कुठे नसीम पिशवी घेऊन उठली आणि आपलं नाव आधी नीट करून घ्यायचं की तपासून झाल्यावर सांगायचं, याचा विचार करत खुर्चीकडे गेली.